लोखंडी सांगाडा उभारताना कामगार जखमी झाला तर: आधी लोखंड थांबवा, मग माणसाकडे जा

कॉलम-बीम चढवण्याच्या कामात कोणी जखमी झालं की बहुतेक साइटवर सगळेजण हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावतात. त्यामागची कळकळ खरी असते. पण नेमक्या त्याच क्षणी क्रेनच्या हुकाला बीम लटकत असतो, त्याच्या एका टोकाला जेमतेम एक बोल्ट अडकवलेला असतो आणि धावणाऱ्यांत सिग्नलमन सगळ्यांत पुढे असतो. ऑपरेटरला इशारा द्यायला कोणी उरत नाही. दुसरा माणूस जखमी होतो तो अशा वेळी.

उभारणी चालू असलेला सांगाडा स्वतःच्या बळावर उभा नसतो. क्रेन, गाय रोप (कॉलम ताणून धरणारे दोर), तात्पुरतं ब्रेसिंग (तिरके आधार) आणि चार-दोन बोल्ट यांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. म्हणून इथे मदतीचा क्रमही वेगळा लागतो, आणि तोच वारंवार चुकतो. मुकादम, सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर आणि क्रेन ऑपरेटर यांनी हा क्रम काम सुरू होण्याआधीच पाठ केलेला असावा. कुठे काय कळवायचं, भरपाई कशी मिळवायची हे कायद्याचे भाग जिथलं काम तिथल्या नियमांनुसार पाहावेत. इथे फक्त साइटवर काय करायचं ते आहे.

## टप्पा १: पहिला कॉलम उचलण्याआधी

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. अपघातानंतरच्या बहुतेक चुकांचं मूळ आदल्या दिवशी न केलेल्या तयारीत असतं.

सुटकेची योजना बे-बे नुसार लिहा (बे म्हणजे कॉलमच्या दोन रांगांमधला भाग). ‘अॅम्ब्युलन्स बोलावू’ ही योजना नव्हे. अॅम्ब्युलन्सचे लोक जमिनीवर असलेल्या माणसाला घेऊन जातात, १२ मीटरवर हार्नेसला (अंगावर बांधलेल्या सुरक्षा पट्ट्यांना) लटकलेल्याला खाली उतरवणं हे त्यांचं काम नाही. रोज सकाळी एकच प्रश्न विचारा: आज या बेमध्ये, या उंचीवर माणूस लटकला तर त्याला कोण, कशाने, किती मिनिटांत खाली आणणार? उत्तरात माणसांची नावं आली पाहिजेत.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे क्रेनची मॅन-बास्केट (माणसं उचलायचा पिंजरा) हाच सुटकेचा एकमेव मार्ग धरणं. अपघात उचल चालू असताना झाला तर ती क्रेन बीम धरून उभी असते. हुक मोकळा केला तर बीम कोसळेल, आणि न केला तर बास्केट लावता येत नाही. सुटकेचं साधन त्या क्रेनवर अवलंबून नसलंच पाहिजे. दुसरी चूक बूम-लिफ्टच्या (माणसाला उंचावर नेणाऱ्या मशीनच्या) बाबतीत होते. मशीन साइटवर असतं, पण बेच्या खाली छताच्या पर्लिनचे गठ्ठे, राफ्टर आणि ठोकळे पसरलेले असतात, त्यामुळे ते आत शिरत नाही. कागदावर पोहोच २० मीटर, प्रत्यक्षात बेच्या तोंडाशीच अडकलेलं. मशीन त्या जागेपर्यंत एकदा चालवून न्या, मगच ते योजनेत लिहा.

हार्नेसखालची मोकळी जागा मोजा. १.८ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला हूकचा दोर) पायाच्या पातळीवर हूक केला असेल तर त्याची पूर्ण लांबी, शॉक अॅब्झॉर्बर (झटका शोषणारा भाग) उघडून वाढणारा सुमारे १.१ मीटर (नेमका आकडा लेबलवर असतो), माणसाच्या उंचीसाठी १.८ मीटर आणि सुरक्षिततेसाठी जवळपास १ मीटर धरावे लागतात. बेरीज साडेपाच मीटरच्या वर जाते. पहिल्या मजल्याचा बीम चार मीटरवर असेल तर अशा लॅनयार्डने माणूस थांबण्याआधीच जमिनीवर आपटेल. अशा ठिकाणी हूक डोक्याच्या वर लावा, सेल्फ-रिट्रॅक्टिंग लाइफलाइन (आपोआप आत ओढली जाणारी दोरी) वापरा किंवा काम बूम-लिफ्टमधूनच करा.

सामान हाताशी ठेवा. ऑफिसच्या कपाटातली प्रथमोपचार पेटी या कामाला पुरत नाही. उभारणीच्या जागेजवळ एक वेगळी, रंगाने ओळखू येणारी पेटी हवी. तिच्यात तयार टूर्निके (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा), मोठ्या प्रेशर ड्रेसिंग, सलाइन, स्वच्छ गॉज, झिपच्या प्लास्टिक पिशव्या, हार्नेसचा पट्टा कापू शकेल अशी कात्री, हातमोजे आणि न पुसला जाणारा मार्कर ठेवा. सोबत स्कूप स्ट्रेचर, उंचीवरून उतरवता येईल असं बास्केट स्ट्रेचर, सुटकेचा डिसेंडर संच (माणसाला दोरावरून हळू खाली सोडणारा) आणि शक्य असेल तर एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारं).

माणसं ठरवा. प्रत्येक पाळीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेले किमान दोघे हवेत आणि त्यांतला एक जमिनीवरच राहील. दोघंही वर चढलेले असतील आणि त्यांतलाच एक जखमी झाला तर खाली कोणीच उरत नाही.

रस्ता आणि रुग्णालय. लोखंड घेऊन आलेला ट्रेलर गेटमध्ये उभा असेल तर अॅम्ब्युलन्स बाहेरच थांबते. ट्रेलरच्या ड्रायव्हरने गाडीपासून लांब जाऊ नये, हे त्याला आत घेतानाच सांगा. तुटलेलं बोट किंवा हात जोडण्याची सोय कुठल्या रुग्णालयात आहे आणि डोक्याच्या दुखापतीसाठी कुठे न्यायचं, हे आधीच विचारून फलकावर लिहून ठेवा.

> पडताळा: योजना एकदा करून पाहा. जिवंत माणसाला हार्नेसमध्ये लटकवू नका, ८०-९० किलोचा डमी किंवा वाळूची पोती लटकवा. घड्याळ लावा. खाली आणायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ती योजना बदला, मगच काम सुरू करा.

## टप्पा २: पहिलं मिनिट, काम जागच्या जागी गोठवा

हा लेखाचा गाभा आहे. खालचा क्रम उलटसुलट करू नका.

१. ‘थांबा’ कोणीही म्हणू शकतो. बाकीचे सगळे इशारे फक्त नेमलेल्या सिग्नलमनचे, पण ‘थांबा’ हा इशारा हेल्परनेही दिला तरी ऑपरेटरने पाळायचाच. शिट्टी, रेडिओ, हात, काहीही चालेल.

२. ऑपरेटर केबिन सोडत नाही. हुकाला भार असेपर्यंत त्याने कंट्रोलवरच बसायचं. जखमी माणूस त्याचा भाऊ असला तरी. हे कठीण आहे, म्हणूनच आधी बोलून ठेवायचं.

३. सिग्नलमन त्याच्या जागी राहतो. त्याची नजर भारावर, जखमीवर नाही.

४. लटकता भार. पूर्ण सुटा बीम मोकळ्या जागी टेकवता येत असेल तर ठरलेल्या जागी हळू टेकवा. खाली किंवा वाटेत माणूस असेल तर भार हलवू नका, धरून ठेवा.

५. अर्धवट जोडलेला बीम. एक टोक बोल्टने, दुसरं क्रेनवर अशी स्थिती असेल तर हुक सोडू नका आणि बीम उलट दिशेने ओढूही नका. प्रत्येक टोकाला किमान दोन बोल्ट पक्के बसल्याशिवाय क्रेन मोकळी करायची नाही, हा उभारणीचा मूळ नियम अपघाताच्या वेळीही लागू आहे. एकाच बोल्टवरचा बीम त्याच बोल्टभोवती फिरतो.

६. वर असलेले वरच. जे सांगाड्यावर आहेत त्यांनी हूक लावून बसून राहायचं. घाईत उतरताना पडणारा माणूस हा दुसरा जखमी. मुकादम एकेकाला नाव घेऊन खाली बोलावेल.

७. खालची जागा रिकामी करा. लटकत्या भाराखाली आणि सुट्या सामानाखाली कोणी थांबायचं नाही. एम२० चा (२० मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट नटासकट साधारण पाव किलोचा असतो. २० मीटरवरून पडला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास जातो.

८. एकच माणूस हुकूम देईल. त्याने स्वतः ड्रेसिंग करायला बसायचं नाही, उभं राहून सगळीकडे लक्ष ठेवायचं.

सराव झालेली टोळी एवढं सगळं मिनिटभरात करते. सराव नसेल तर त्या मिनिटात नुसता आरडाओरडा होतो.

> सावधान, वीज: क्रेनचा बूम किंवा भार वीजवाहिनीला लागला असेल तर क्रेन, हुक, भार आणि टॅगलाइन (भाराला दिशा देणारा दोर) या कशालाही हात लावू नका. सगळ्यांनी किमान दहा मीटर लांब जावं. ऑपरेटरने केबिनमध्येच बसावं. आग लागली आणि उतरणं भागच असेल तर दोन्ही पाय जुळवून उडी मारावी, मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ देऊ नये आणि पाय जुळलेले ठेवूनच सरकत लांब जावं. वीज बंद झाल्याचं वीज कंपनीकडून पक्कं कळेपर्यंत जखमीजवळही जायचं नाही. तार निर्जीव दिसते म्हणून पुढे गेलेला माणूस मरतो.

> सावधान, कोसळलेला कॉलम: एक कॉलम पडला असेल तर शेजारचेही हलले आहेत असं धरून चाला. गाय रोप सैल पडलेत का, बेस प्लेट उचलली गेली आहे का, हे लांबून पाहा. पडण्याच्या टप्प्यात असलेल्या कॉलमजवळून जखमीकडे जाऊ नका, दुसऱ्या बाजूने वाट काढा.

## टप्पा ३: फोन

फोन करणारा आधी ठरलेला असावा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने केला असेल. ‘ग्रिड सी-४ ला या’ हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. गेट नंबर आणि जवळची ठळक खूण सांगा. मग काय झालं (किती उंचीवरून पडला, काय अंगावर आलं), जखमी किती, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, आणि तो अजून वर लटकलेला किंवा अडकलेला आहे का, ते सांगा. शेवटची गोष्ट नेहमी राहून जाते, आणि तिच्यावरच बाहेरून काय साधन आणायचं ते ठरतं. समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. गेटवर एक माणूस पाठवा, तो अॅम्ब्युलन्सच्या पुढे चालत वाट दाखवील.

## टप्पा ४: जखमीपर्यंत पोहोचणं आणि पहिली मदत

अपघात कोणत्या प्रकारचा आहे त्यावर इथला मार्ग ठरतो. श्वास बंद असेल तर मात्र प्रकार कोणताही असो, छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. एईडी येताच लावा.

### ४-अ: हार्नेसला लटकलेला

पडणं थांबलं म्हणजे धोका टळला असं नाही. पाय लोंबकळत, हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्याच्याशी सतत बोलत राहा. शुद्धीवर असेल तर गुडघे वर घ्यायला, पाय हलवत राहायला, हार्नेसला पायासाठी पट्टे असतील तर त्यांत पाय रोवून उभं राहायला सांगा.

वरून चार जण दोराला धरून त्याला ओढून घ्यायचा प्रयत्न करतात, तो सोडून द्या. ८० किलोचा माणूस बीमच्या अरुंद फ्लॅंजवर (सपाट कडेवर) उभं राहून उचलता येत नाही, ओढणाऱ्यांचाच तोल जातो. वर घेण्यापेक्षा खाली सोडणं नेहमी सोपं असतं. डिसेंडर संच किंवा बूम-लिफ्ट वापरा. सुटका करणाऱ्याने स्वतःचा हूक वेगळ्या अँकरला लावावा. क्रेनच्या हुकाला माणूस थेट स्लिंगने बांधून उतरवू नका. माणूस दुसऱ्या आधारावर पक्का येण्याआधी लॅनयार्ड कापू नका.

खाली आल्यावर आडवं झोपवा. ‘लटकलेल्याला लगेच आडवं करू नये, अर्धा तास बसवून ठेवावं’ असा एक जुना सल्ला अजून साइटवर फिरतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने, म्हणजे एचएसईने, २००९ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले तेव्हा त्या सल्ल्याला आधार सापडला नाही. नेहमीचाच प्रथमोपचार द्यावा. आणि ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी रुग्णालयात न्यावंच.

### ४-ब: उंचीवरून खाली पडलेला

पाठीच्या कण्याला मार बसला आहे असं धरा. जागा सुरक्षित असेल तर हलवू नका. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं आणि मदत येईपर्यंत सोडू नये. हेल्मेट काढण्याची घाई नको. श्वासाला अडथळा होत असेल तरच, दोघांनी मिळून, मान न हलवता काढा. पाणी पाजू नका. तो मागेल, आजूबाजूचे आग्रह करतील, तरीही नाही, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. अंगावर पांघरूण घाला. शरीरात सळई किंवा अँगल घुसला असेल तर उपसू नका, आहे तसा आधार देऊन ठेवा.

तीन-चार मीटरवरून पडून स्वतः उठून बसलेला माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. पोटातला रक्तस्राव बाहेर दिसत नाही. त्याला खोलीवर आराम करायला पाठवू नका.

### ४-क: हात किंवा बोटं सापडली

उभारणीत ही दुखापत कशी होते ते ओळखीचं आहे. बीमची आणि क्लीटची (जोडाच्या लोखंडी तुकड्याची) भोकं जुळली का ते बघायला फिटर भोकात बोट घालतो, बीम दोन-तीन मिलिमीटर सरकतो आणि दोन प्लेटांच्या मध्ये बोट कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं.

- हात अजून अडकलेला असेल तर ओढू नका. पाचर किंवा पहारीने फट उघडा. क्रेनने उघडायचं असेल तर एकच सिग्नलमन आणि अगदी इंच-इंच हालचाल. बीमचं दुसरं टोक कुठे जातंय हे पाहायला वेगळा माणूस लावा.
- रक्त थेट दाबाने थांबवा. दाबाने थांबत नसेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर टूर्निके लावा, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळा, वेळ मार्करने लिहा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करू नका. दर काही मिनिटांनी सैल करायचा जुना सल्ला सोडून द्या.
- अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा.
- तुटलेला भाग शोधा. ग्लोव्हमध्ये राहिला असेल तर ग्लोव्हसकट घ्या. वरची घाण सलाइनने हलकेच धुवा, घासू नका. ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घाला, पिशवी बंद करा आणि ती बर्फाच्या पाण्यात ठेवा. भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठतात आणि तो जोडता येत नाही. पिशवीवर नाव आणि वेळ लिहा. पिशवी जखमीसोबत त्याच गाडीत जाते.

### ४-ड: लोखंडाखाली दबलेला

दबल्याची वेळ सर्वांत आधी लिहा. नुकताच दबला असेल आणि वजन सुरक्षितपणे उचलता येत असेल तर लगेच उचला. बराच वेळ दबून राहिलेल्याचं वजन काढताच चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदयावर आघात होऊ शकतो. अशा वेळी फोनवर वैद्यकीय मदतीला किती वेळ दबला आहे ते सांगा, त्यांचा सल्ला घ्या आणि तोवर उचलण्याची तयारी पूर्ण करा.

उचलण्याआधी दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे रचा. लोखंड जसं वर जाईल तसे लगेच खाली ठोकळे सरकवत जा, म्हणजे जॅक घसरला किंवा स्लिंग सरकली तरी वजन पुन्हा माणसावर येणार नाही. ठोकळ्यांशिवाय नुसत्या क्रेनने उचलून ‘पटकन ओढा रे’ असं म्हणणं ही या प्रसंगातली सर्वांत महाग चूक आहे.

### ४-इ: डोक्यावर काही पडलं

हेल्मेट फुटलं नसेल तरी डोक्याला मार बसलेला असू शकतो. उलटी, झोपाळूपणा, तेच तेच विचारणं, दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं यांपैकी काहीही आढळलं तर तात्काळ रुग्णालय. नसेल तरी एकटं सोडू नका आणि त्या दिवशी पुन्हा वर चढवू नका. ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही.

> पडताळा: जखमीला उचलण्याआधी हुकूम देणाऱ्याने तीन गोष्टी मोठ्याने विचाराव्यात. वरचा भार कोण धरून आहे? वाट मोकळी आहे का? स्ट्रेचरला पुरेशी माणसं आहेत का?

## टप्पा ५: सोपवणं

अॅम्ब्युलन्ससोबत साइटचा एक माणूस पाठवा, शक्यतो जखमीची भाषा बोलणारा. त्याच्याकडे एका कागदावर अपघाताची वेळ, उंची किंवा वजन, टूर्निकेची वेळ, दबल्याचा कालावधी, दिलेले उपचार, माहीत असलेली औषधं व अॅलर्जी आणि घरच्यांचा नंबर असावा. घरच्यांना फोन जबाबदार माणसानेच करावा, लवकर करावा आणि जे माहीत आहे तेवढंच सांगावं. ‘किरकोळ आहे’ असं खोटं सांगू नये. जखमीची किंवा नातेवाइकांची कोऱ्या कागदावर सही घेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. असं कोणी करायला लागलं तर तिथेच अडवा.

## टप्पा ६: जागा आहे तशी राखा

जखमी गेला की साइटवर आवराआवर सुरू होते. हेतू चांगला असला तरी पुरावा इथेच पुसला जातो. टेप बांधा, पहारा बसवा, आणि सांगाडा पक्का करण्यासाठी काही करावंच लागणार असेल तर आधी फोटो, मग बदल.

काय टिपायचं:

- प्रत्येक जोडावर किती बोल्ट होते, नट हाताने फिरवलेले होते की पान्याने आवळलेले. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून अपघातानंतर बोल्ट आवळून टाकले की मूळ स्थिती कायमची हरवते.
- क्रेनची जागा, आउट-रिगरखालच्या (क्रेनच्या पसरलेल्या पायांखालच्या) प्लेट, बूमचा कोन, त्रिज्या. लोड इंडिकेटरच्या पडद्याचा फोटो इंजिन बंद करण्याआधी काढा.
- स्लिंग (भार बांधायचा पट्टा किंवा दोर), शॅकल (जोडकडी), हुकाची कडी: कुठे होती, कशी बांधली होती, लेबलवर काय लिहिलं आहे.
- वाऱ्याचा वेग, उजेड, फ्लॅंजवर पाणी, तेल किंवा ओला रंग होता का.
- हार्नेस, लॅनयार्ड आणि तो ज्याला हूक केला होता तो अँकर.

फोटो लांबून, मधून आणि जवळून असे तीन अंतरांवरून काढा. जवळच्या फोटोत मापपट्टी ठेवा.

> सावधान: तुटलेल्या बोल्टचे किंवा शॅकलचे दोन तुकडे ‘जुळतात का’ म्हणून एकमेकांना लावून पाहू नका. तुटलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक खुणा त्याने घासल्या जातात, आणि तो थकव्याने तुटला की एकदम जास्त भाराने, हे त्या खुणांवरूनच ओळखता येतं. पुसू नका, तेल लावू नका. वेगवेगळे कोरड्या कापडात गुंडाळून नावं घाला.

## टप्पा ७: विचारपूस आणि कारण शोधणं

साक्षीदारांशी त्याच दिवशी, एकेकट्याशी, त्यांच्या भाषेत बोला. चार जणांना एकत्र बसवलं की मुकादम बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. कागदावर साधं चित्र काढायला सांगा: तू कुठे होतास, बीम कुठे होता, सिग्नलमन कुठे होता. शब्दांपेक्षा चित्रात जास्त निघतं.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘हूक का लावला नाहीस?’ विचारलं तर उत्तर ‘चुकलं साहेब’ एवढंच मिळेल. ‘त्या बीमवर हूक लावायला जागा कुठे होती?’ असं विचारा. मग कळतं की लाइफलाइन शेजारच्या बेपर्यंतच बांधलेली होती आणि इथे लावायला काहीच नव्हतं.

अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून फाइल बंद करण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण त्यातून पुढच्या माणसासाठी काहीही बदलत नाही. बोट कापल्याचंच उदाहरण घ्या. बोट भोकात का गेलं? भोकं जुळत नव्हती. का जुळत नव्हती? कॉलम ओळंब्यात नव्हता, किंवा फॅब्रिकेशनमध्येच क्लीट सरकलेली होती. पॉडगर किंवा ड्रिफ्ट पिन (भोकं जुळवायचं टोकदार हत्यार) कुठे होती? तीन जणांत एकच, आणि ती दुसऱ्या टोकावर. क्रेनवरचा भार स्थिर होण्याआधी फिटरला हात का घालू दिला? कारण इशारा समजला की नाही हे एकमेकांना सांगायची पद्धतच नव्हती. आता चार ठिकाणी दुरुस्ती करता येते. प्रत्येकीला जबाबदार माणूस आणि तारीख लावा.

दुरुस्ती निवडताना उंचीवरचं कामच कमी करता येतं का हे आधी पाहा: जमिनीवर जोडून एकत्र उचलणं, सीटिंग अँगल (बीम टेकवायचा अँगल) आधीच वेल्ड करून पाठवणं, लाइफलाइनचे खांब बीम जमिनीवर असतानाच बसवणं. ‘सर्वांना पुन्हा सूचना दिल्या’ एवढंच करून थांबलात तर काही दुरुस्त झालेलं नाही.

## टप्पा ८: काम पुन्हा सुरू करणं

१. संपूर्ण सांगाडा तपासा. कॉलमचा ओळंबा, फाउंडेशन बोल्ट, गाय रोपचा ताण, प्रत्येक टोकाचे बोल्ट. भार आपटला असेल तर शेजारच्या दोन बेही तपासा.

२. अपघातात झटका बसलेला हार्नेस, लॅनयार्ड, स्लिंग, शॅकल कायमचे बाद करा. तपास संपेपर्यंत कुलपात ठेवा, मग कापून टाका, नाहीतर ते दुसऱ्या साइटवर वापरात येतात.

३. क्रेनवर जास्त भार किंवा आडवा ओढा आला असेल तर सक्षम माणसाच्या तपासणीशिवाय ती वापरू नका.

४. कामाची लेखी पद्धत बदला आणि बदललेला भाग टोळीसमोर वाचून दाखवा. चित्र दाखवा, मग एखाद्या हेल्परला ते परत समजावून सांगायला लावा.

५. ज्यांनी अपघात डोळ्यांनी पाहिला त्यांना त्याच दिवशी वर चढवू नका. हात थरथरणारा माणूस ते बोलून दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाशी वेगळं बोला आणि ज्याला जमिनीवरचं काम हवं त्याला ते मजुरी न कापता द्या.

६. पहिली उचल हलक्या मेंबरची (सांगाड्याच्या हलक्या भागाची) आणि सुपरवायझर समोर उभा असताना करा. त्या उचलीत ‘थांबा’चा इशारा मुद्दाम एकदा द्या आणि ऑपरेटर, सिग्नलमन व वरचा फिटर तिघंही खरंच थांबतात का ते पाहा.

७. जखमी माणूस बरा होऊन परतला तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला उंचीवर पाठवू नका. बोटांची पकड कमी झाली असेल तर बोल्ट-पान्याच्या कामाऐवजी मार्किंग, सामानाची मोजदाद किंवा सिग्नलिंगचं प्रशिक्षण द्या. हे काय द्यायचं ते तो रुग्णालयात असतानाच ठरवा आणि त्याला तिथे जाऊन सांगा.